शाळेतले नवे तंत्रज्ञान : जगाचा अनुभव आणि आपला पाडा

बोरिवली स्टेशनपासून पाऊण तासाच्या अंतरावर, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून एक पाडा आहे. तिथल्या समाजमंदिराच्या एका खोलीत आपली अभ्यासिका चालते. घाटकोपरच्या एका महापालिका शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे आठवड्यातून चार संध्याकाळी जाते. मुले बहुतेक वारली, काही कोकणा आणि मल्हार कोळी. मुंबईत आदिवासी पाडे आहेत हे आपल्या अनेक वाचकांनाही पटकन खरे वाटत नाही. बोरिवली, गोरेगावची आरे वसाहत, मुलुंड या बाजूंनी जंगलाच्या कडेकडेने हे पाडे आजही आहेत, आणि समोरच्या उंच इमारतींपेक्षा ते जुने आहेत.

जून २०२२ मध्ये एका हितचिंतकांनी या अभ्यासिकेला २० टॅब दिले. कोरोनाच्या काळात शाळा बंद असताना पाड्यावरच्या मुलांचे काय हाल झाले ते त्यांनी पाहिले होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. असला तरी झाडावर चढल्याशिवाय रेंज नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, तेव्हा ज्या दोन घरांत टीव्ही होता तिथे सगळा पाडा गोळा होई. तेवढाच आधार. म्हणून टॅब आले तेव्हा आम्हा सर्वांनाच आनंद झाला. पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम चित्रफितींसह त्यांत भरलेला होता, म्हणजे रेंजचीही अडचण नाही. आम्ही नारळ फोडला, फोटो काढले. डिसेंबरच्या अहवालात मी लिहिले, ‘पाड्यावरील २० मुले आता डिजिटल शिक्षण घेत आहेत.’

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका संध्याकाळी वीज गेली. टॅब चार्ज झालेले नव्हते. चौथीतल्या एका मुलीपुढे मी दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा ठेवला आणि मेणबत्ती जवळ सरकवली. तिने चित्राकडे बघून गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी पहिल्या शब्दावर बोट ठेवले, तशी ती गप्प झाली. सुटी अक्षरे तिला ओळखता येत होती, पण काना, मात्रा, वेलांटी जोडून शब्द लागत नव्हता. आठ महिने ती चौथीच्या चित्रफिती पाहत होती. कुठे बोट लावले की धडा सुरू होतो आणि बरोबर उत्तर सापडेपर्यंत एकेक पर्याय कसा दाबत जायचा, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पुढच्या आठवड्यात मी सर्व मुलांना एकेक करून वाचायला बसवले. निम्म्याहून अधिक मुलांची तीच स्थिती होती.

मुलीची आई पावसाळ्यात स्टेशनबाहेर रानभाजी विकते. मी तिला सांगायला गेले तेव्हा तिने सरळ विचारले, “बाई, चार वर्सं शाळेत जाते, तरी वाचता येत नाय. मग माझ्यासंगं भाजीला बसली तर काय वाईट?” तिच्या थोरल्या मुलाने सहावीत शाळा सोडली होती. माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जो अभ्यास केला तो आज आपल्यापुढे ठेवते आहे. अनेक ठिकाणच्या कार्यकर्त्यांना आता टॅब, स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर देणगीत मिळू लागले आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा.

लॅपटॉप पोहोचले, पुढे काय?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये एक कल्पना जगापुढे मांडली : गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला १०० डॉलरचा लॅपटॉप द्यायचा. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, धुळीपाण्यात टिकेल असा हा छोटा संगणक होता. आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच ही योजना नाकारली. तरीही तिचा एक छोटा प्रयोग आपल्या जवळच झाला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट या खेड्यातल्या विसेक मुलांच्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाच्या हाती असा लॅपटॉप आला. मुंबईपासून इतक्या जवळ, डोंगरातल्या एका वस्तीत मुले संगणकावर चित्रे काढत आहेत, ही बातमी त्या वेळी खूप गाजली.

या योजनेची सर्वांत मोठी परीक्षा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात झाली. तिथल्या सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एरवी आठ-नऊ मुलांमागे एक संगणक असायचा; ज्या शाळांना लॅपटॉप मिळाले तिथे प्रत्येक मुलामागे एकाहून अधिक संगणक झाले. मुले तो हौसेने वापरत होती. काही बौद्धिक कौशल्यांत थोडी प्रगतीही दिसली. पण भाषा आणि गणित या दोन विषयांत लॅपटॉप मिळालेली आणि न मिळालेली मुले यांच्यात फरक आढळला नाही.

हे वाचताना मला माझ्या अहवालातले वाक्य आठवले. यंत्र मुलापर्यंत पोहोचले एवढेच पेरूने मोजले असते, तर ती योजना पूर्ण यशस्वी ठरली असती. मीही तेवढेच मोजले होते.

वडोदऱ्याचे चार संगणक आणि मुंबईची बालसखी

मग यंत्राचा उपयोगच नाही का? तसेही नाही. आपल्या शेजारच्या गुजरातमधला अनुभव पाहा. २००० साली तिथल्या सरकारने वडोदरा शहरातल्या १०० महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा त्यांतले बहुतेक संगणक खोक्यांतच पडून होते, कारण ते चालवणारे कोणी नव्हते. संस्थेने तेच संगणक बाहेर काढले. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोघे असे बसवले. गणिताचे खेळ असे निवडले की मुलाला जे येते तिथून ते सुरू होत आणि जमले की पुढची पायरी येई. जवळ मदतीला प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती असे. या मुलांचे गणित चांगलेच सुधारले. नवा संगणक एकही आणला नव्हता. मुलाच्या पायरीशी जुळणारा खेळ आणि शेजारी बसणारे माणूस एवढीच भर पडली होती.

‘प्रथम’चे काम १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून सुरू झाले. डॉ. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे ही त्याच्या आरंभाची नावे. महापालिका शाळांत त्यांनी ‘बालसखी’ आणली : वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली तरुणी. तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीतली जी मुले मागे पडली आहेत, अशी १५ ते २० मुले ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसे. चौथीचा धडा बाजूला ठेवून, ज्याला अक्षर येत नाही त्याला अक्षर आणि ज्याला बेरीज येत नाही त्याला बेरीज शिकवी.

माझ्या शाळेतही अशी बालसखी येत असे. तेव्हा मी चाळिशीत होते, डी.एड. होऊन वीस वर्षे झाली होती. ज्या मुलांना मी वाचायला शिकवू शकले नाही त्यांना बारावी झालेली मुलगी शिकवणार, हे मला मनातून लागले होते. ती मुलांना जिन्याखालच्या जागेत घेऊन बसे, कारण वर्ग रिकामा नसे. मी अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत असे. तिच्यावर ते ओझे नव्हते. दिवाळीनंतर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून आपणहून वाचू लागला, तेव्हा मी मान्य केले की तिच्या पद्धतीत काही तरी आहे. पण ते काय आहे हे नीट समजून घेतले नाही. निवृत्तीनंतर, पाड्यावर तीच चूक स्वतःच्या हातून झाल्यावर ते समजले.

मुंबई आणि वडोदरा इथल्या या दोन्ही प्रयोगांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, त्यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर. २०१९ मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अभ्यासात दिसले ते असे : बालसखीमुळे मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त वाढले ते सर्वांत मागे असलेल्या मुलांचे. मात्र मदत थांबल्यावर वर्षभराने त्यातला बराचसा फायदा ओसरलेला होता. आपल्या कामात हे दोन्ही निष्कर्ष लक्षात ठेवायला हवेत. पहिला निष्कर्ष आशा देतो. दुसरा सांगतो की तीन महिन्यांचे शिबिर घेऊन निघून आले तर भागणार नाही.

इयत्ता बाजूला ठेवून मुलाला जे येते तिथून शिकवण्याची ही रीत पुढे देशभर गेली. आफ्रिकेतल्या झांबियाच्या सरकारी शाळांत २०१६ पासून ती ‘कॅच अप’ या नावाने चालू झाली. आपण नव्या कल्पना बाहेरून मुंबईत येतात असे धरून चालतो. ही मुंबईच्या वस्त्यांत आणि महापालिका शाळांत रुजली आणि इथून जगात गेली.

अलीकडचे एक उदाहरण दिल्लीचे. तिथे एका संगणक कार्यक्रमाचा अभ्यास झाला, जो मुलाच्या प्रत्येक उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवतो. सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहेत असे आढळले. त्यांना सहावीचे गणित दाखवण्याऐवजी त्यांच्या पातळीचे दिल्यावर साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारले. यंत्राचे खरे बळ इथे आहे. चाळीस मुलांची चाळीस ठिकाणची अडचण एका शिक्षकाला एकाच वेळी पाहता येत नाही, नीट बनवलेल्या यंत्राला ती पाहता येते. आमच्या टॅबमध्ये ही सोय नव्हती. त्यात इयत्ता निवडावी लागे, आणि आम्ही मुलीची इयत्ता चौथी म्हणून चौथी निवडली होती.

भाषेची अट

पातळीइतकीच दुसरी गोष्ट भाषेची. १९९० च्या दशकात केनियाच्या पश्चिम भागात एका संस्थेने शाळांना पाठ्यपुस्तके पुरवली. सर्व मुलांचे गुण वाढतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जी मुले आधीच हुशार होती तेवढ्यांचेच वाढले. पुस्तके इंग्रजीत होती, आणि त्या मुलांची इंग्रजी ही बहुधा तिसरी भाषा होती. बाकीच्यांना पुस्तक मिळाले, पण ते वाचताच येईना.

हीच गोष्ट मुंबईतही दिसली आहे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. त्याचे संस्थापक-संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. विज्ञान अवघड का जाते याचा शोध घेताना त्यांना दिसले की पुष्कळदा विज्ञानापेक्षा पुस्तकाची जड भाषाच मुलांच्या आड येते. तोच मजकूर सोप्या मराठीत लिहून दिल्यावर मुलांना तो समजू लागला. हे १९८० च्या आसपासचे काम आहे. त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही.

रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव सर्वांना माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड बसवले, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत क्यूआर कोडची चर्चा फार झाली. पण त्यांच्या कामाचा एक भाग असा की वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे पाहून त्यांनी पुस्तकांचा मजकूर त्यांच्या भाषेत आणला. कोड हा त्या भाषेपर्यंत नेणारा दरवाजा होता.

आमच्या पाड्यावरची मुले घरी वारली बोलतात. टॅबमधल्या चित्रफितीतल्या बाई शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात, तेही भराभर. मुले त्यांच्याकडे आपण परभाषेतला सिनेमा पाहावा तसे पाहत होती. हे माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले, कारण मुले गप्प बसून पाहत होती आणि मी शांततेलाच अभ्यास समजत होते.

कोसबाडची आठवण

इथे आपल्याच परंपरेतले एक उदाहरण घ्यावेसे वाटते. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची बालशिक्षणाची पद्धत हे त्या काळातले जगातले सर्वांत नवे शैक्षणिक तंत्र होते. पण तिची साधने महाग. ताराबाई १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्यांनी मूळ तत्त्व ठेवले आणि साधने बदलली. मण्यांच्या जागी बिया, खडे, शिंपले, पाने आली. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. मुले गुरे राखायला जातात तर शाळा कुरणात नेली; तीच कुरणशाळा. अंगणवाडी हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्याची मुळे याच कामात आहेत.

या प्रयोगात बाहेरून आलेली कल्पना तशीच उतरवून घेतलेली नाही, आणि परकी म्हणून टाकूनही दिलेली नाही. वारली मूल दिवसभर कुठे असते, त्याच्या हाताला काय लागते, हे आधी पाहिले आणि मग साधन ठरवले. आम्ही साधन आधी घेतले, आणि मुलाकडे वीज गेल्यावर पाहिले.

जगही आज याच विचाराकडे वळते आहे. युनेस्कोने २०२३ चा आपला शिक्षणविषयक जागतिक अहवाल तंत्रज्ञानावर काढला आणि हे तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरायचे, हाच प्रश्न मध्यभागी ठेवला. त्याच वर्षी, डिजिटल साधनांत पुढे असलेल्या स्वीडनने शाळांतल्या छापील पुस्तकांसाठी पुन्हा वेगळा निधी काढला.

आम्ही काय बदलले

हितचिंतकांना फोन करायला मला दहा दिवस लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “म्हणजे टॅब वाया गेले का?” मी म्हटले, “वाया गेले नाहीत. मी चुकीच्या जागी वापरले.” ठरले ते असे : सहा टॅब पाड्यावर ठेवायचे. उरलेले वसतिगृहातल्या आठवी ते दहावीच्या मुलांना द्यायचे, कारण त्यांना वाचता येते. टॅबच्या दुरुस्तीसाठी आणि नव्या खरेदीसाठी जी रक्कम ते देणार होते, ती पाड्यावरच्याच दोन बारावी झालेल्या मुलींच्या मानधनाला द्यायची. त्यांनी होकार दिला. आपल्या काही कार्यकर्त्यांना मात्र हे मागे जाणे वाटले. बैठकीत तसे बोलणेही झाले. ते मी समजू शकते. टॅबचा फोटो छापता येतो, जिन्याखालच्या बालसखीचा कोणी काढत नाही.

जून २०२३ पासून मुलांचे इयत्तेप्रमाणे गट मोडले आणि चार गट केले : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पाचवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा एका गटात बसू लागले. सुरुवातीला मोठ्या मुलांना लाज वाटली, म्हणून गटांना झाडांची नावे दिली.

वाचनासाठी शब्द आम्ही आईच्या टोपलीतून घेतले. आधी ‘टाकळा’ : दोनदा काना, दुसरे काही नाही. मग ‘काकड’ आणि ‘कोरल’. मग ‘शेवळं’ : मात्रा आणि शेवटी अनुस्वार. त्यानंतर ‘कंटोली’. सर्वांत शेवटी ‘कुर्डू’, कारण त्यात रफारही आहे आणि उकारही. पहिल्या दोन आठवड्यांत मुलांनी असे ३० शब्द जमवले. प्रत्येक शब्दाची वस्तू त्यांनी हाताळलेली, खाल्लेली किंवा विकलेली होती.

टॅबला आता वेगळे काम आहे. मुले रानातल्या भाजीचा, झाडाचा फोटो काढतात आणि खाली नाव लिहितात. आजीने सांगितलेली कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, गोष्ट त्यांनी टॅबवर ध्वनिमुद्रित केली. दोघी ताईंनी ती ऐकून वारलीत, देवनागरी अक्षरांत, कार्डावर मोठ्या टाइपात उतरवली, आणि मागच्या बाजूला तीच गोष्ट मराठीत लिहिली. मुले आधी वारली बाजू वाचतात, मग कार्ड उलटतात. परिच्छेदाच्या पुढे गेलेल्या मुलांसाठी ‘स्टोरीवीव्हर’वरची मोफत मराठी पुस्तके टॅबमध्ये उतरवून ठेवली आहेत. एक टॅब नेहमी दोघांत असतो. एकाने वाचायचे, दुसऱ्याने बोट फिरवायचे.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एका मुलाचे कुटुंब वर्षाच्या मध्येच डहाणूकडे परत गेले. पावसाळ्यात भाजीच्या दिवसांत मोठ्या मुली आठवडा-आठवडा येत नाहीत. थंडीत अंधार लवकर पडतो आणि बिबट्याच्या भीतीने साडेसहाला दार लावावे लागते. गणिताला आम्ही अजून नीट हातच घातलेला नाही.

कार्यकर्त्यांसाठी

आपल्या केंद्रात यंत्र येणार असेल किंवा आलेले असेल, तर पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. यंत्र उघडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एकट्याने जवळ बसवून वाचायला द्या. आधी पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद. तो आला तर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. नाही आला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरे. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. पुस्तकातला पाठ झालेला धडा देऊ नका.

२. वहीत मुलाच्या नावापुढे इयत्तेऐवजी पायरी लिहा आणि पायरीप्रमाणे गट करा. दर दोन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि मुलाला पुढच्या गटात न्या.

३. यंत्रातला मजकूर मुलाच्या पायरीपासून सुरू करता येतो का, आणि तो मुलाला कळेल अशा भाषेत आहे का, हे स्वतः तासभर बसून पाहा. दोन्हींचे उत्तर नाही असे असेल तर ते यंत्र मोठ्या मुलांना द्या.

४. यंत्राच्या खर्चाबरोबर शेजारी बसणाऱ्या माणसाचे मानधन धरा. ते माणूस शक्यतो त्याच पाड्यातले, मुलांची बोली बोलणारे असावे.

५. मुलांना यंत्रावर फक्त पाहायला लावू नका. त्यांनी काही बनवावे : आवाज, फोटो, दोन ओळी.

६. अहवालात यंत्रांची संख्या लिहा, पण तिच्याखाली मुलांच्या पायऱ्याही लिहा. देणगीदारांना वाईट आकडाही कळवा. आमचा अनुभव असा की ते ऐकून घेतात.

पुढच्या मासिक बैठकीत चर्चेसाठी एक प्रश्न : आपल्या केंद्रातले कोणते साधन मुलाच्या गरजेतून आले आहे, आणि कोणते केवळ मिळाले म्हणून आले आहे?

या वर्षीच्या अहवालात मी टॅबबद्दल एकच ओळ लिहिली आहे. तिच्याखाली असे आहे : ‘मार्चअखेर १९ मुलांपैकी ११ मुले गोष्ट वाचतात, ५ परिच्छेद वाचतात, एक शब्दांवर आहे, दोन अजून अक्षरांवर आहेत.’ त्या शेवटच्या दोघांसाठी काय वेगळे करायचे ते आम्हाला अजून सापडलेले नाही. वाचकांपैकी कोणी अशा मुलांबरोबर काम केले असेल तर जरूर कळवावे.

ती मुलगी दिवाळीला परिच्छेदाच्या गटात गेली आणि मार्चमध्ये गोष्टीच्या. आता ती सहावीत जाते. सहावीची शाळा लांब आहे, बस बदलावी लागते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी घरी गेले तेव्हा आई शेवळं निवडत बसली होती. मला बघून तिने मुलीला हाक मारली आणि म्हणाली, “बाईंना तो कागद दाखव.” तो शाळेने पाठवलेला प्रवेशाचा कागद होता. मुलीने तो आईला आधीच वाचून दाखवला होता; कोणती कागदपत्रे लागतात ते आईला तोंडपाठ होते. एका ठिकाणी अडले होते. “हा ‘वास्तव्य’ म्हणजे काय, बाई?” मुलीने विचारले.